बाबांना डायव्हेस्ट केलं त्याची गोष्ट

आमच्या इमारतीत शिरलेलं कुठलंही इंग्रजी फिरून फिरून माझ्याच दारात येऊन बसतं. मी शिकवणी वर्गात इंग्रजी शिकवतो, एवढाच माझा अपराध. त्यापायी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना मी गुडघ्याच्या मलमासोबत आलेला कागद वाचून दाखवला आहे. एका शेजाऱ्याला कपडे धुण्याच्या यंत्राचं अख्खं माहितीपुस्तक तोंडी मराठीत सांगितलं आहे. पुढे त्या यंत्रातून फेस येऊन त्यांच्या बैठकीच्या खोलीपर्यंत गेला, पण तो दोष अनुवादाचा नव्हता असं माझं आजही मत आहे. त्यांचं वेगळं आहे. ते माझ्याशी तेव्हापासून इंग्रजीतही बोलत नाहीत आणि मराठीतही.

तेव्हा माझे सासरे सकाळीच हातात एक कागद घेऊन धापा टाकत वर आले, त्याचं मला नवल वाटलं नाही. लिफ्ट बंद होती आणि आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. कागद सूचनाफलकावरून उपटलेला होता, दोन कोपऱ्यांना टाचण्या अजून लटकत होत्या.

"जावईबापू," ते खुर्चीत टेकत म्हणाले, "बाकीचं मला कळलं. एवढा एक शब्द सांगा."

त्यांचं बोट ज्या शब्दावर होतं तो वाचून मलाच बसायला खुर्ची हवीशी झाली, पण खुर्चीत ते बसले होते. इमारतीच्या सेक्रेटरींनी झोकात इंग्रजीत लिहिलं होतं की, पंप आणि टाकी यांच्या सर्व जबाबदाऱ्यांतून आमच्या सासऱ्यांना आजपासून डायव्हेस्ट करण्यात येत आहे. खाली सही आणि तिच्याखाली शिक्का. शिक्का उलटा पडला होता, पण सही सुलट होती.

"म्हणजे," मी म्हणालो, "तुम्हाला मोकळं केलं."

"मोकळं करायला मी काय दाव्याला बांधलेलं जनावर होतो?"

"तसं नाही, बाबा. विश्रांती दिली, असं धरा."

"मी मागितली नव्हती." त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "तुम्हाला हा शब्द येत नाही का, जावईबापू? येत नसेल तर सांगा, त्यात कमीपणा नाही."

इंग्रजीच्या मास्तराला यापेक्षा वाईट काही ऐकावं लागत नसावं.

आमचे सासरे नोकरीत होते तेव्हा पाणीपुरवठा खात्यात होते. आमच्याकडे राहायला आले आणि दुसऱ्याच दिवशी खाली जाऊन पंपाशी उभे राहिले. त्यांना कुणी नेमलं नव्हतं. रोज पहाटे आणि संध्याकाळी ते पंप लावत, टाकी भरली की बंद करत, आणि पंपाच्या खोलीची किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घालत. लोकांना बरंच होतं. फुकटात काम होत असलं की नेमणुकीचं कुणी विचारत नाही. मुलांनी त्यांचं नाव टाकीआजोबा ठेवलं, मग मोठ्यांनीही तेच धरलं. नेमलंच नसल्यामुळे त्यांना काढायचं कसं, हा सेक्रेटरींपुढचा पेच होता, आणि तो त्यांनी डायव्हेस्ट करून सोडवला होता.

काढायला कारण घडलं होतं. आदल्याच आठवड्यात टाकी भरून वाहिली. थोडीथोडकी नव्हे. पाणी गच्चीवरून जिन्यात आलं आणि प्रत्येक मजल्यावर दारादारात विचारपूस करत खाली उतरलं. काही वाटेत लिफ्टच्या खड्ड्यात गेलं आणि तिथलं यंत्र गप्प झालं. मी बाबांना शोधायला धावलो तर ते फाटकासमोरच्या बाकावर ऊन खात बसले होते.

"बाबा, पंप चालू राहिलाय."

"छे," ते शांतपणे म्हणाले, "अजून लावलाच नाही. निघतोच आहे."

बंद करायला माणूस विसरतो, ते समजू शकतं. पण लावलेलंच विसरला, हे मी इमारतीत कुणाला सांगितलं नाही. बायकोला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि कणीक मळत राहिली. म्हणजे तिला ते आधीच ठाऊक असणार, हे माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं. पण माझं लक्ष भिजलेल्या पायपुसण्याकडे होतं.

असो. माझ्या मोकळं करण्याने बाबांचं समाधान झालं नाही, आणि दुसरं मत घ्यायला ते बाहेर पडले. आजारात माणूस दुसऱ्या डॉक्टरकडे जातो तसे ते शब्द घेऊन दारोदार गेले. पहिल्या मजल्यावर एक गृहस्थ आहेत, त्यांना सगळे शेअरवाले म्हणतात, कारण ते दुसरं काही बोलत नाहीत. बाबा त्यांच्याकडून परतले ते चेहऱ्यावर तेज घेऊन.

"जावईबापू, तुमचं चुकलं. डायव्हेस्ट म्हणजे गुंतवणूक काढून घेणं. शेअरवाले म्हणाले, जिथे घातलेलं असतं तिथूनच काढता येतं. म्हणजे या पंपात माझा वाटा होता."

"बाबा, तो बाजारातला अर्थ झाला."

"बाजारातला खोटा असतो का?"

दुपारपर्यंत ते दुसऱ्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांकडे पोचले होते. वकीलसाहेबांची वकिली सुटून बरीच वर्षं झाली, पण त्यांच्यातला वकील सुटलेला नाही. त्यांना अशिलाची भूक असते. त्यांनी बाबांना बसवून घेतलं, चष्मा पुसला आणि सांगितलं की सेक्रेटरींनी तुमचा हक्क लेखी कबूल केला आहे. हक्क होता म्हणून तर काढला. आता एक तर ही सूचना मागे घ्यावी लागेल, नाहीतर सर्वसाधारण सभा बोलवावी लागेल.

"तुम्ही कशाला याच्यात पडू देता त्यांना?" बायको म्हणाली.

"मी कुठे पडू दिलं? ते स्वतःच्या पायांनी खाली गेले."

"जाऊन तो एक शब्द बदलून आणा. काहीतरी साधं लिहायला सांगा. चारचौघांसारखं."

एका शब्दाचा तर प्रश्न होता. मी सेक्रेटरींकडे गेलो. हा माणूस वाईट नाही. एका कारखान्यात हिशेबनीस आहे, आणि घरी आल्यावर इमारतीचं काम करतो, ज्याबद्दल त्याला शिव्यांखेरीज काही मिळालेलं मी पाहिलं नाही. मी म्हणालो, डायव्हेस्टच्या जागी रिलीव्ह लिहा. त्यांचा चेहरा उतरला.

"मास्तर, तो शब्द शोधायला माझी अख्खी संध्याकाळ गेली."

"पण का शोधलात?"

"'काढून टाकलं' असं लिहायला हात धजेना. त्यांनी आमच्या घरातला नळ किती वेळा नीट करून दिलाय. इंग्रजीत लिहिलं की तेवढं लागत नाही, असं मला वाटलं. आणि लिफ्टच्या कंपनीला ते पाहिजेच होतं."

मग उलगडा झाला. लिफ्ट दुरुस्त करायला येणाऱ्या कंपनीने अट घातली होती की, ज्याच्या हातून पाणी गेलं तो माणूस आता पंपावर नाही, असं इंग्रजीत लिहून द्या, तरच आम्ही हात लावू. सूचनेची प्रत तिकडे गेली होती. शब्द बदलायचा तर कंपनीला विचारावं लागणार होतं. मी म्हणालो, मी विचारतो. मला वाटलं होतं की शब्दांची बाब आहे म्हणजे माझ्या हातातली आहे.

कंपनीचं कार्यालय एका लांबलचक इमारतीच्या चौथ्या मजल्यावर निघालं आणि तिथली लिफ्ट बंद होती. याचा मला थोडा आनंद झाला हे कबूल करतो. टेबलामागच्या बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"साहेब, कागदावर डायव्हेस्ट आहे म्हणून तर वर सही झाली. रिलीव्ह असतं तर वरचे म्हणाले असते, हा माणूस परत येऊ शकतो."

"अर्थ साधारण एकच आहे हो."

"मग बदलता कशाला?"

मी त्यांना दोन्ही शब्दांतला फरक समजावून सांगू लागलो. त्या मध्येच म्हणाल्या, आत्ताच तुम्ही म्हणालात एकच आहे. मागे रांगेतला एक माणूस हसला. बाईंनी मग सौम्यपणे सांगितलं की नवीन शब्द म्हणजे नवीन अर्ज, नवीन अर्ज म्हणजे पहिली मंजुरी रद्द, आणि तोवर लिफ्ट जिथे आहे तिथे. मी जिना उतरून आलो. वर्गात मी मुलांना नेहमी सांगतो की योग्य शब्दाला पर्याय नसतो. हे इतकं खरं असेल अशी मला कल्पना नव्हती.

ही बातमी माझ्याआधी घरी पोचली, आणि माझ्याआधी तिसऱ्या मजल्यावर. त्या दिवसापासून इमारतीत दोन पक्ष पडले. एका पक्षात बाबा, वकीलसाहेब आणि अधूनमधून शेअरवाले. दुसऱ्यात उरलेली सगळी इमारत, जिला लिफ्ट हवी होती. मी कोणत्या पक्षात आहे हे मला कुणी विचारलं नाही. दोन्हीकडचे लोक जिन्यात माझ्याकडे बघून बोलणं थांबवायचे. काकू मात्र स्पष्ट म्हणाल्या, "मास्तर, टाकीआजोबांबद्दल मला आदर आहे. माझ्या गुडघ्यांना नाही."

घरी बाबा रोज कपाळाला आठ्या घालून माझा शब्दकोश उघडून बसत. तो जाडजूड कोश त्यांच्या मांडीवर ठेवला की ते आणखीच लहान दिसत. त्यांना इंग्रजी अक्षरं येत, पण कोश बघण्याची सवय नव्हती. ते पहिल्या पानापासून शोधत. मी पान काढून देऊ का विचारलं की म्हणत, "तुमचं एक मत झालंय, जावईबापू. मला कोशाचं बघू द्या." दुसऱ्या दिवशी परत पहिल्या पानापासून. मी समजत होतो की हा त्यांचा हट्ट आहे. बायको नुसती येऊन दिवा लावून जायची.

शेवटी वकीलसाहेबांनी सभा घडवून आणलीच. विषयपत्रिकेवर एकच विषय होता: सूचनेतील एका क्रियापदाचा अर्थ ठरवणे. एका क्रियापदासाठी भरलेली ही जगातली पहिली सभा असेल असं नाही, पण गाड्या ठेवायच्या जागेत भरलेली बहुधा असावी. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. वरून जिना उतरून आलेले लोक मुळातच वैतागलेले होते. बाबा पुढच्या रांगेत बसले. बायकोने त्यांना इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायला दिला होता आणि वरचं बटण स्वतः लावलं होतं.

शेअरवाल्यांनी गुंतवणुकीचा अर्थ मांडला. सेक्रेटरी म्हणाले, माझ्या मनात तसं काही नव्हतं. वकीलसाहेब म्हणाले, मनात काय होतं ते कायदा बघत नाही. मग ते माझ्याकडे वळले. "मास्तर, तुम्ही मूळ अर्थ सांगा. वाद मिटवायचा तर मुळाशी जायला हवं."

मी उठलो. आता मी काय सांगू? शिकवणी वर्गात शब्दांचं मूळ सांगायला लागलो की मागची बाकडी वह्या आवरायला लागतात. इथे अख्खी इमारत माना वर करून माझ्याकडे बघत होती. इतकी शांतता मी नोकरीत कधी अनुभवली नव्हती, आणि माणूस म्हटला की त्याला शांततेची भूल पडते.

मी सांगितलं की लॅटिनमध्ये वेस्टिस म्हणजे वस्त्र. जुन्या काळी एखाद्याला अधिकार द्यायचा तर त्याच्या अंगावर त्या अधिकाराचा झगा चढवत. त्या चढवण्यातून इन्व्हेस्ट आला. पैसे गुंतवण्याचा अर्थ मागाहून चिकटला, तेव्हा शेअरवाल्यांनी रागावू नये. आणि अधिकार काढायचा म्हणजे तो झगा उतरवायचा. त्यातून हा आपला शब्द. "इतकंच काय," मी हात पसरून म्हणालो, "आपण शर्टाच्या आत घालतो ती बनियन, तिला इंग्रजीत व्हेस्ट म्हणतात, तीही याच घराण्यातली."

दोनतीन जण हसले. मीही हसलो. मग बाबांचा आवाज आला.

"म्हणजे कपडे काढणं."

"मुळात तसं, बाबा. पण आता कुणी त्या अर्थाने—"

"मुळातच विचारलं होतं ना वकीलसाहेबांनी." ते उठून उभे राहिले. "मग अर्धवट नको."

त्यांनी वरचं बटण काढलं. ते घट्ट होतं, वेळ लागला. कुणीतरी म्हणालं, अहो काका, आणि गप्प झालं. बाबांनी एकेक करून सगळी बटणं काढली, शर्ट उतरवला आणि टेबलावर ठेवून त्याची नीट घडी केली. मग गळ्यातला किल्लीचा दोरा डोक्यावरून काढायला लागले. तो चष्म्याच्या काडीत अडकला आणि चष्मा खाली पडला. मी वाकून तो उचलला. वर बघितलं तेव्हा ते बनियनवर उभे होते. बनियनला खांद्याशी एक भोक होतं. त्यांचे दंड इतके बारीक झालेत हे मला माहीत नव्हतं, आणि आम्ही एकाच घरात राहत होतो.

किल्ली त्यांनी शर्टाच्या घडीवर ठेवली.

"एवढंच होतं," ते सेक्रेटरींना म्हणाले. "बनियन राहू द्या. ती घरची आहे."

पुढे सभा झाली असं म्हणता येणार नाही. लोक खुर्च्यांकडे, गाड्यांकडे, आपापल्या हातांकडे बघत होते. काकूंनी डोक्यावरून पदर घेतला, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. सेक्रेटरी पुढे आले, त्यांनी शर्ट उचलून बाबांच्या खांद्यांवर घातला, तो उलटा पडला, त्यांनी परत काढून सुलट घातला. वकीलसाहेबांनी आपली कागदपत्रं हळूच पिशवीत सरकवली. सूचना होती तशी कायम राहिली, आणि ठराव वाचूनही दाखवला गेला नाही. फक्त पंपाचं आता कोण बघणार, एवढं कुणीतरी विचारलं. सगळे माझ्याकडे बघू लागले. "घरातल्या घरात राहील," शेअरवाले म्हणाले. किल्ली माझ्या हातात आली. ती अजून कोमट होती.

बाबांना निजवून आम्ही स्वयंपाकघरात बसलो. बायकोने बाबांच्या शर्टाची पुन्हा घडी केली. मग म्हणाली, "वर्गात पोरं असलं काही विचारतात तेव्हा काय सांगता?"

"पुढच्या तासाला सांगतो म्हणतो."

"तेच म्हणायचं होतं."

मी मान खाली घातली. मी म्हणालो, निदान एवढं बरं की, त्यांनी पंप लावलेला आठवत नव्हता हे कुणाला कळलं नाही. नुसता विसराळूपणा म्हणून भागलं.

"ते कधीपासूनचं आहे," ती म्हणाली. "ते पंप लावून बाकावर जाऊन बसायचे आणि तिथेच राहायचे. दूध आणायला म्हणून मी मागोमाग उतरायचे. टाकी भरली की मीच पंप बंद करायचे आणि त्यांना हाक मारायचे, बाबा, चला, झालं तुमचं काम. त्यांना वाटायचं त्यांनीच बंद केला."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी मला ताप होता. तुम्ही म्हणालात ना, आज दूध मी आणतो."

मी दूध आणलं होतं. दुकान फाटकाच्या उजव्या हाताला आहे आणि पंपाची खोली डाव्या. मी सरळ उजवीकडे गेलो आणि आलो.

लिफ्ट आठवडाभरात सुरू झाली. काकू पहिल्यांदा लिफ्टमध्ये बसल्या त्या थेट वर आमच्याकडे आल्या आणि बाबांच्या पाया पडल्या. बाबांना कारण कळलं नाही, पण त्यांनी आशीर्वाद दिला. सेक्रेटरींनी फलकावर पुन्हा लावलेली सूचना स्वतःच काढली आणि तिच्या जागी दुसरं काहीच लावलं नाही. जिन्यात भेटले की ते माझ्याशी मराठी शब्द जपून वापरतात, जणू माझ्या खिशात प्रत्येकाचं मूळ आहे.

पंप मी शिकलो. सोपा नाही. आधी एक झडप उघडायची, मग बटण, मग थोडा वेळ कान द्यायचा, आवाज घोगरा आला तर बंद करून परत. पहिले काही दिवस बाबा वरून विचारायचे, "लावला का?" मी जिन्यातून ओरडून सांगायचो, लावला. मी वर पोचलो की परत विचारायचे. मग बंद करून आलो की, "बंद केला का?" दिवसातून किती वेळा ते मी मोजलं नाही. मी प्रत्येक वेळी नव्याने सांगायचो. शिकवण्याच्या धंद्याचा एवढा एकच उपयोग मला आजवर घरात झाला आहे.

हळूहळू त्यांनी विचारणं सोडलं. हे चांगलं की वाईट, मला ठरवता येईना. बायको म्हणाली, त्यांना खाली घेऊन जात जा. म्हणून आता पहाटे आम्ही दोघं लिफ्टने उतरतो. पंपाच्या खोलीबाहेर एक पायरी आहे, तिच्यावर मी त्यांच्यासाठी उशी ठेवतो.

परवा मी पंप लावला आणि त्यांच्या शेजारी येऊन बसलो. त्यांनी मान कलती केली आणि कान दिला.

"जावईबापू, हा आवाज कसला?"

"पाणी वर चढतंय, बाबा."

ते ऐकत राहिले. अंधार फिकट होत होता, वरच्या एका घरात कुणीतरी नळ उघडून चूळ भरत होतं.

"एकसारखा येतोय," ते म्हणाले. "चांगलं ठेवलंय. कोण बघतं हे?"

"तुम्ही बघता."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं, मी थट्टा तर करत नाही ना, हे ताडायला. मग त्यांना खात्री पटली असावी.

"मग काळजी नाही," ते म्हणाले, आणि टाकी भरेपर्यंत आम्ही तिथेच बसून राहिलो.